दारापुढील वाट आणि गाळाचा मक्ता



घर बांधतांना माणूस पाया पाहतो, भिंतींची जाडी पाहतो, छपराचा उतार पाहतो. परंतु फाटकापासून ओट्यापर्यंतची जी वीस-तीस फुटांची वाट असते, तिचा विचार तो क्वचितच करतो. उन्हाळ्यांत आणि हिवाळ्यांत ती वाट आपलें अस्तित्व जाणवूं देत नाहीं. ज्या दिवशीं ती बंद होते, त्या दिवशीं मात्र असें कळून येतें कीं, घरांतील सर्व व्यवहार त्या एवढ्याशा वाटेवर अवलंबून होता. दूध येतें तें तिच्यावरून, मुलें शाळेला जातात तीं तिच्यावरून, आणि घरांत कोणी एकाएकीं आजारी पडलें तर डॉक्टर येतो किंवा रोगी जातो तोहि तिच्यावरूनच. अशी वाट निसर्गाच्या कोपानें बंद पडल्यास ती कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि किती वेळांत मोकळी करवून घ्यावी, या अगदीं घरगुती प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

थंड देशांत हा प्रश्न दर हिवाळ्यांत उभा राहतो. शिकागो, टोरांटो किंवा मॉन्ट्रिऑल अशा शहरीं जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना त्याची चांगली ओळख झालेली आहे. एका रात्रींत हातभर हिम पडतें आणि सकाळीं मोटार दारांतच अडकून बसते. म्हणून तेथील घरमालक हिवाळ्याच्या आधींच, पुढें लोखंडी फाळ बसविलेली गाडी बाळगणाऱ्या माणसाशीं करार करून ठेवतो. आपल्या देशांतहि हिमालयांतील घाटरस्ते दर वसंत ऋतूंत बर्फ फोडून मोकळे करावे लागतात, आणि १९६० सालीं स्थापन झालेली सीमा सडक संघटना तें काम करीत आली आहे.

भंडारा जिल्ह्यांत हिम पडत नाहीं. येथें मे महिन्यांत अंगाची लाही होते आणि पावसाळ्यांत सरासरीनें सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु वाट बुजविणारी एक वस्तु या जिल्ह्यांतहि आहे, आणि ती हिमाहून कितीतरी पटीनें जड आहे. ती म्हणजे पुरानें आणून टाकलेला गाळ.

वैनगंगा ही या जिल्ह्याची जीवननदी होय. मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत तिचा उगम होतो. बावनथडी, सूर, चुलबंद अशा नद्यांचें पाणी घेत ती भंडारा आणि पवनी या गांवांवरून पुढें जाते. भंडारा शहर तिच्या अगदीं कांठीं वसलेलें आहे. शहराच्या वरच्या अंगास, शिवनी जिल्ह्यांत, भीमगड येथील संजय सरोवर हें धरण आहे. खालच्या अंगास पवनीजवळ गोसीखुर्दचें मोठें धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली आणि त्याला ३३ दरवाजे आहेत. वरून पाणी सुटलें आणि खालीं तें लवकर पुढें सरकलें नाहीं, तर मधल्या शहराची काय अवस्था होते, हें ऑगस्ट २०२० च्या अखेरीस दिसून आलें. मघा नक्षत्र संपण्याच्या बेतांत होतें. मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, संजय सरोवरांतून मोठा विसर्ग करावा लागला, गोसीखुर्दचे सर्व दरवाजे उघडले गेले, तरीहि वैनगंगेचें पाणी भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत शिरलें. कारधा येथील पुलाजवळ नदीची जी पातळी मोजली जाते, तिची धोक्याची खूण २४५.५० मीटरवर आहे. त्या वेळीं पाणी त्या खुणेच्या बरेंच वर गेलें होतें.

पुराच्या बातम्या पाणी चढत असतांना येतात. पाणी उतरल्यावर त्या थांबतात. परंतु घरवाल्यांचें खरें काम पाणी उतरल्यावरच सुरू होतें. नदीचें पाणी वाहतें असतें तोंवर माती त्याच्या अंगांत तरंगत राहते. तें वस्तींत शिरून भिंतींच्या आडोशानें स्थिर झालें कीं ती माती खालीं बसूं लागते. जें अंगण जितकें खोल आणि जितकें बंदिस्त, तितका त्यांत गाळ अधिक. पुण्यास १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटल्यावर नदीकांठच्या पेठांतील लोकांनीं हा अनुभव घेतला, आणि जुलै २०२१ मध्यें चिपळूण आणि महाड येथें तोच पुनः आला. कोंकणांतील त्या दोन गांवांत दुकानांतून आणि घरांतून इतका चिखल सांचला होता कीं, तो काढण्यासाठीं बाहेरगांवच्या नगरपालिकांचीं माणसें आणि यंत्रें आणावीं लागलीं.

आतां या गाळाचें वजन किती असतें, याचा थोडा हिशेब करूं. वाट तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे असें धरावें, आणि तिच्यावर सहा इंच गाळ बसला आहे असें मानावें. तो १२० घनफूट होतो. बांधकामवाल्यांच्या भाषेंत शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हा सव्वा ब्रासाला थोडासा कमी. ओल्या गाळाचा एक घनमीटर सोळाशें ते अठराशें किलो भरतो; त्या मानानें एवढ्याशा वाटेवरील गाळाचें वजन साडेपांच ते सहा टन होतें. एका घमेल्यांत वीस किलो माल मावतो असें धरलें तर सुमारें तीनशें घमेलीं उचलून बाहेर न्यावीं लागतील. तेवढ्याच जागेंत तेवढ्याच जाडीचें ताजें, कोरडें हिम पडलें असतें, तर त्याचें वजन साडेतीनशें किलोंच्याहि आंत राहिलें असतें. शिवाय हिम वसंतांत आपोआप वितळतें. गाळ मात्र कोणीतरी उचलीपर्यंत जागचा हालत नाहीं. यावरून, घरांतल्या दोघां-तिघांनीं खोरें घेऊन सकाळच्या प्रहरीं वाट साफ करावी, असें म्हणणाऱ्यास कामाचा अंदाज नाहीं हें उघड आहे.

दुसरी गोष्ट काळाची. या जिल्ह्यांतील शेतकरी जमिनीला मोरांड, कन्हार, शिहार, खर्डी, बरडी अशीं निरनिराळीं नांवें देतो. त्यांपैकीं कन्हार म्हणजे काळी भारी माती. ती ओली असतांना पायाला धरते आणि वाळली कीं दगडासारखी होऊन भेगाळते. पुराच्या बारीक गाळाचा स्वभाव तसाच आहे. पाणी उतरत असतांनाच तो ढवळून पाण्याबरोबर ढकलला तर निम्मा आपोआप निघून जातो. दुसऱ्या दिवशीं तो फावड्यानें निघतो. आठवडाभर ऊन लागल्यावर त्याला कुदळ लावावी लागते, आणि कुदळीबरोबर खालची फरशीहि उखडते. म्हणून या कामांत स्वस्त माणसापेक्षां वेळेवर येणारा माणूस अधिक मोलाचा.

सर्वच वाटा सारख्या सोप्या नसतात. भंडाऱ्याच्या जुन्या वस्तींतील एका घराची कल्पना करावी. घर साठ-सत्तर वर्षांपूर्वींचें आहे. तें बांधलें त्या वेळीं रस्ता ओट्याच्या खालीं होता. पुढें रस्त्यावर थरावर थर चढत गेले. जुना थर खरवडून काढण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. आज रस्ता वर आणि अंगण खालीं अशी उलटी स्थिति झाली आहे. फाटकांतून आंत येतांच वाट तीव्र उतारानें खालीं जाते. मध्येंच विहिरीच्या कठड्याला वळसा घालते आणि मग ओट्याशीं पोंचते. फाटकाची रुंदी जेमतेम सात फूट. वाटेच्या कडेनें जमिनींत नळाची तोटी, सांडपाण्याचें चेंबर आणि पलीकडे शेजाऱ्याची सामाईक भिंत. घरांत निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि ऐंशी वर्षांची आई. आईस आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं रुग्णालयांत न्यावें लागतें. अशा घरीं वाट तीन दिवस बंद राहणें म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. तो प्राणाशीं खेळ होय. अशीं घरें भंडाऱ्यांतच आहेत असें नव्हे. नदीकांठच्या प्रत्येक जुन्या गांवांत तीं सांपडतील.

या गृहस्थांनीं काय करावें? पहिली गोष्ट, पुराची वाट पाहूं नये. पूर आल्यावर सर्व गांवाला एकाच दिवशीं तींच यंत्रें आणि तींच माणसें हवीं असतात. भाव चढतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे यंत्र जातें. बोलणें करावयाचें तें रोहिणी नक्षत्रांत, मृग लागण्यापूर्वीं. हिमप्रदेशांतील शहाणा घरमालक हेंच करतो, आणि आणखी एक गोष्ट करतो. हिम पडण्यापूर्वीं तो कंत्राटदाराला वाट कोरडी असतांना दाखवितो आणि तिच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवून ठेवतो. कारण एकदां सर्व पांढरें झालें म्हणजे वाट कोठें आणि फुलझाडें कोठें, हें यंत्र चालविणाऱ्यास कळत नाहीं. गाळाचेंहि तसेंच आहे. चिखलाखालीं गेलेलें चेंबरचें झांकण डोळ्यांस दिसत नाहीं, आणि त्यावर चाक गेलें कीं झांकण फुटतें, चाक आंत जातें आणि भांडण बाहेर येतें. म्हणून चेंबर, तोटी, पायरीची कड आणि पाण्याच्या टाकीचें तोंड यांच्याजवळच्या भिंतीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तेलरंगानें खूण करून ठेवावी. खर्च एका लहान डब्याचा, उपयोग वर्षानुवर्षें.

दुसरी गोष्ट, बोलावणें करावयाचें तें वाट दाखवूनच करावें. कल्पनेंतील आपले गृहस्थ मुकादमाला बोलावतात आणि ओट्यावर बसवून विचारतात, "भाऊ, पूर आला तर हा गाळ काढायचें काय घ्याल?"

मुकादम अनुभवी असेल तर लगेच आंकडा सांगणार नाहीं. तो म्हणेल, "काकाजी, वाट पाह्यल्याबिगर भाव सांगनं बरं नाही. इथं मशीन जाते का मानसं लागतात, हे पह्यले पाहा लागते."

जो माणूस असें म्हणतो, त्याच्याशीं बोलणें पुढें चालवावें. जो न पाहतां फोनवरच भाव सांगतो, तो एक तर अधिक सांगत असतो किंवा काम अर्धें टाकून जाणार असतो.

गृहस्थ फीत आणतात. दोघे मिळून फाटक मोजतात. ज्याला सर्वजण जेसीबी म्हणतात, तें यंत्र सात फुटांहून अधिक रुंद असतें आणि त्याचें वजन सात टनांहून अधिक असतें. सात फुटांच्या फाटकांतून तें आंत येणार नाहीं, आणि आलें तरी त्या वजनाखालीं फरशी आणि चेंबर टिकणार नाहीं. गृहस्थ निराश होऊन म्हणतात, "मग सगळें माणसांनींच करायचें? तीनशें घमेलीं हा चढ चढून वर न्यायचीं?"

मुकादम डोकें हालवितो. "नाही काकाजी. मशीन रस्त्यावरच उभी राहीन. तिचा मागचा हात पंधरा-सोळा फूट आंत येते. मानसं खालून गाळ ढकलत तिथंवर आनतीन, मशीन तो उचलून ट्रालींत टाकीन. चढावर घमेला नाही न्या लागत."

अवघड वाटेचें उत्तर बहुधा असेंच असतें. तें सबंध यंत्रांत नसतें आणि सबंध माणसांतहि नसतें. दोहोंच्या योग्य वांटणींत असतें. माणसांनीं रुंद फळीला दांडा लावून गाळ ढकलावा, यंत्रानें पोंचेल तेथून ओढून घ्यावा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनें वाहून न्यावा. ट्रॉलींत साधारणपणें एक ब्रास माल मावतो, म्हणजे या वाटेला दोन खेपा लागतील. यंत्राचे टेकू म्हणून जे पाय खालीं सोडतात, ते गटाराच्या फरशीवर पडणार नाहींत एवढें पाहावें, कारण ती फुटली तर भरपाई कोणी द्यावी यावर पुनः वाद होतो.

तिसरी गोष्ट भावाची. या कामाचे पैसे तीन रीतींनीं ठरतात. यंत्र तासावर, ट्रॉली खेपेवर आणि माणसें रोजीवर, ही पहिली रीत. सर्व काम मिळून एकच रक्कम, म्हणजे उक्तें, ही दुसरी. पावसाळ्याच्या प्रारंभीं थोडा इसार द्यावा आणि पूर आल्यास ठरलेल्या भावानें काम करून घ्यावें, ही तिसरी. तासावर दिलेलें काम लांबतें, हें खरें; परंतु उक्तें दिलेलें काम घाईनें उरकलें जातें, हेंहि तितकेंच खरें. थंड देशांत संपूर्ण हंगामाचा एकच आंकडा ठरवितात, किंवा दर खेपेस वेगळे पैसे देतात. हंगामाच्या करारांत हिम कमी पडलें तर कंत्राटदाराचा लाभ आणि अधिक पडलें तर घरमालकाचा. म्हणजे ती एक प्रकारची पैज असते. भंडाऱ्यास मोठा पूर दरवर्षीं येत नाहीं, म्हणून संपूर्ण हंगामाची रक्कम देणें परवडत नाहीं. येथें अवघड वाटेच्या घरास तिसरी रीत बरी. इसार हा माणसाच्या शब्दाची किंमत असतो. पूर आला नाहीं तर तो गेला असें समजून दुःख करूं नये. छत्री घेतल्यावर पाऊस पडला नाहीं म्हणून कोणी दुकानदाराकडे पैसे परत मागत नाहीं.

चौथी गोष्ट लेखाची. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें तोंडीं ठरलेला करारहि करारच असतो. पण पुराच्या धांदलींत कोण काय बोललें होतें, याची आठवण प्रत्येकास आपल्या सोयीची होते. म्हणून साध्या कागदावर, मराठींत, दहा ओळी लिहून दोघांनीं सह्या कराव्या. त्यांत काय असावें? पाणी फाटकाबाहेर गेल्यापासून किती तासांत माणसें येतील, हें प्रथम असावें. थंड देशांतील करारांत बहुधा असें असतें कीं, दोन इंच हिम सांचलें कीं कोणी न बोलावतां गाडी आपण होऊन यावी. येथेंहि निरोपाची वाट पाहूं नये, कारण पुरांत फोन बंद पडतात. दुसरें, कामाचा क्रम असावा. आधीं तीन फूट रुंदीची पाऊलवाट फाटकापासून ओट्यापर्यंत उघडावी, म्हणजे आजारी माणसाला खुर्चींत बसवून चौघांना बाहेर नेतां येईल. उरलेली वाट त्यानंतर. ही एक ओळ साऱ्या कागदांत सर्वांत महत्त्वाची आहे. तिसरें, काम कोठवर, म्हणजे फरशी दिसेपर्यंत कीं धुवून देईपर्यंत. चौथें, गाळ कोठें टाकावयाचा. पांचवें, मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची. आणि सहावें, यंत्र येऊं शकलें नाहीं तर काय. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याप्रमाणें बचावकार्यासाठीं वाहनें आणि साधनें ताब्यांत घेण्याचा अधिकार शासनाच्या प्राधिकरणांस आहे. अशा वेळीं मुकादमाला दोष देतां येत नाहीं. पण यंत्र नसलें तरी चार माणसें येऊन पाऊलवाट मोकळी करतील, एवढें लिहून घेतां येतें.

येथें गृहस्थांनीं घासाघीस करतांना एक मर्यादा पाळावी. ज्याच्याकडून संकटाच्या दिवशीं पहिली फेरी आपल्या दारीं करवून घ्यावयाची आहे, त्याला उन्हाळ्यांत शेवटच्या रुपयापर्यंत पिळून काढणें शहाणपणाचें नाहीं. गांवांत शंभर घरें त्याला बोलावीत असतील, तेव्हां तो कोणाकडे आधीं जाईल, हें कागदावरून जितकें ठरतें तितकेंच मागील वर्तनावरूनहि ठरतें.

गाळ कोठें टाकावा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षां नाजूक आहे. उत्तर अमेरिकेंत नगरपालिकेचें यंत्र रस्ता साफ करीत पुढें गेलें कीं घराच्या तोंडाशीं हिमाचा एक बांध टाकून जातें, आणि नुकतीच मोकळी केलेली वाट पुनः बंद होते. आपल्याकडे प्रत्येक घरवाला आपला गाळ फाटकाबाहेर ढकलतो. तो रस्त्यावर सांचतो, गटारांत जातो, आणि पुढचा पाऊस आला कीं गटार तुंबून तेंच पाणी त्याच घरांत परत येतें. सार्वजनिक रस्ता आणि गटार साफ ठेवणें हें नगरपरिषदेचें काम; पण खासगी अंगणांतील गाळ त्यांत लोटणें हा नागरिकाचा हक्क नव्हे. नगरपरिषदेनें गाळ टाकण्याची जागा नेमून दिली असेल तर तेथेंच तो न्यावा. नदीचा गाळ शेताला चांगला, हें खरें. परंतु शहरांतून फिरून आलेल्या गाळांत कांच, तेल आणि मैला मिसळलेला असतो. तो भाजीच्या वाफ्यांत टाकूं नये. आणि शेजाऱ्याच्या भिंतीला लागून त्याचा ढीग तर कधींच करूं नये, कारण ओल्या मातीचा दाब जुन्या भिंतीला सोसत नाहीं.

काम सुरू करण्यापूर्वीं घराचीं आणि वाटेचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, आणि शासकीय पंचनामा होणार असेल तर गाळाच्या खुणा त्यापूर्वीं साफ पुसूं नयेत. पाऊलवाट मात्र त्यासाठीं अडवून ठेवूं नये. ज्यांनीं घराचा विमा उतरविला आहे त्यांनीं कागद काढून वाचावा. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा या नांवाची जी प्रमाणित पॉलिसी निघाली, तींत पुराचा समावेश आहे, आणि मान्य झालेल्या नुकसानीच्या २ टक्क्यांपर्यंत राडारोडा काढण्याचा खर्चहि धरलेला आहे. रक्कम मोठी नसली तरी मुकादमाची सही असलेली पावती तेथें उपयोगी पडते.

आतां ज्या गोष्टीविषयीं घरवाला आणि मुकादम दोघेहि बहुधा बोलत नाहींत, तिच्याविषयीं. हा गाळ शेवटीं उचलतात तीं माणसें रोजीवर आलेलीं असतात. चिखलांत फुटलेली कांच असते, पुरांतून वाहत आलेला साप असतो, आणि कधीं पाण्याखालीं गेलेली विजेची तार असते. म्हणून घराचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय एकाहि माणसाला अंगणांत उतरूं देऊं नये. पुराच्या पाण्यांत उंदीर-घुशींच्या मुत्राचे जंतु मिसळतात आणि पायाच्या जखमेंतून ते शरीरांत शिरतात. त्या रोगाला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याची साथ पसरली होती. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि हातमोजे मुकादमानें द्यावे असें कागदांत लिहावें, आणि त्याबद्दल त्यानें चार पैसे अधिक मागितले तर द्यावे. काम झाल्यावर हातपाय धुण्यास स्वच्छ पाणी आणि साबण घरवाल्यानें पुरवावा. कामकऱ्याला पुढील दिवसांत ताप आला तर त्यानें डॉक्टरला चिखलांत काम केल्याचें आवर्जून सांगावें, हेंहि त्याला समजावून द्यावें.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगण्याजोगी आहे. अंगणांतील गाळ काढतां काढतां संडासाची टाकी भरलेली दिसते, आणि घरवाला सहज म्हणून जातो, "तेवढी टाकीहि उपसून टाका." हें कधींहि म्हणूं नये. माणसाला टाकींत किंवा गटारांत उतरवून मैला काढविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी त्या टाकींतील विषारी वायूनें माणूस मिनिटांत मरतो, आणि त्याला वांचविण्यास उतरलेला दुसराहि मरतो. टाकीसाठीं शोषक यंत्राची गाडीच बोलवावी, मग ती चार दिवस उशिरां येवो. कोणाच्याहि घरची स्वच्छता दुसऱ्याच्या प्राणापेक्षां मोठी असूं शकत नाहीं.

शेवटीं एका जुन्या व्यवस्थेचा उल्लेख करणें उचित होईल. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील शेंकडों तलाव पूर्वींच्या पिढ्यांनीं, विशेषतः कोहळी समाजाच्या लोकांनीं, बांधले. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि ते तलाव सरकारकडे गेले. आज त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. जोंवर तलाव गांवाचा होता, तोंवर त्याचा गाळ काढणें हें गांवाचेंच काम होतें. ज्याच्या शेताला पाणी मिळे तो उन्हाळ्यांत गाळ उपशी, आणि तोच गाळ आपल्या शेतांत नेऊन घाली. पुढें मालकी दूरची झाली आणि पुष्कळ तलाव गाळानें उथळ होत गेले. गाळ कोणाचा आहे, हें ठरलेलें असलें तरच तो निघतो, एवढाच त्याचा अर्थ.

शहरांतल्या गल्लीलाहि हाच न्याय लागू पडतो. एका घरासाठीं यंत्र बोलाविणें महाग; गल्लींतील दहा घरांनीं मिळून एकच करार केला तर तेंच यंत्र एका दिवसांत दहा वाटा मोकळ्या करील, आणि शेजाऱ्याच्या फाटकापुढें गाळ लोटण्याचा प्रश्नच उरणार नाहीं. अशा एकत्र करारांत कोणाची वाट प्रथम उघडावी, हें आधींच ठरवून ठेवावें. तें घराच्या मानावर, मालकाच्या हुद्द्यावर किंवा वर्गणीच्या आंकड्यावर ठरवूं नये. ज्या घरांत अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, जेथें बाळंतपण जवळ आलें आहे, जेथें एकटी वृद्ध बाई राहते, त्या घरांचीं नांवें यादींत सर्वांत वर असावीं. सर्वांसमक्ष मे महिन्यांत केलेली अशी यादी ऑगस्टमध्यें कोणाला झिडकारतां येत नाहीं.

पूर थांबविणें घरवाल्याच्या हातांत नाहीं. धरणांचे दरवाजे केव्हां आणि किती उघडावे, हेंहि त्याच्या हातांत नाहीं. परंतु फाटक मोजणें, भिंतीवर खुणा करणें, मुकादमाला वाट दाखविणें आणि दहा ओळींचा कागद लिहिणें हें सर्वस्वीं त्याच्या हातांत आहे. तो कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यांत ठेवूं नये, कारण पाणी प्रथम तेथेंच पोंचतें. तो वरच्या फळीवर, घरांतील प्रत्येकाला ठाऊक असेल अशा जागीं ठेवावा. आणि हें सर्व मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वीं उरकून घ्यावें.